होमस्कूलिंग : रोजच्या कामांतून गणित कसे शिकवावे?

धागाकर्ती :
नमस्कार. आमच्या दोन्ही मुलांना आम्ही घरीच शिकवतो. मोठी मुलगी आठ वर्षांची आहे आणि धाकटा पाच वर्षांचा आहे. मुलीला हातच्याची वजाबाकी येते, परंतु वहीत उदाहरणे दिली की ती कंटाळते, आणि अपूर्णांकांना आम्ही अजून हातच घातलेला नाही. विकतचे महागडे संच घेण्याची इच्छा नाही. स्वयंपाकघर, बाजार आणि अंगण यांतून जमेल, शक्यतो दोघांना एकत्र करता येईल, असे काही जाणकारांनी सुचवावे.

प्रतिसाद १ :
अपूर्णांकांची सुरुवात अंश-छेदापासून न करता भाजीबाजारातून करावी. पूर्वी पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि अडीचकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड आणि अडीच यांचे पाढे, घोकून घेत असत. ती घोकंपट्टी आज कोणी करावी असे मी म्हणणार नाही, पण तिच्यामागचा हिशेब अजूनही रोज उपयोगी पडतो. टोमॅटो ६० रुपये किलो असतील, तर सव्वा किलोचे किती, हे भाजीवाल्या मावशींनी सांगण्यापूर्वी मुलीने मनात काढावे. ६० चे निम्मे ३०, त्याचे निम्मे १५, म्हणून एकूण ७५ रुपये. निम्म्याचे निम्मे करणे एकदा अंगवळणी पडले की पाऊण, दीड आणि अडीच किलोचे हिशेब फारसे अवघड जात नाहीत. मात्र सुरुवातीला भाव चारने भाग जाणारा असावा, नाहीतर मागे रांग वाढते आणि मुलीऐवजी आपणच घाईने उत्तर देऊन मोकळे होतो. धाकट्याकडे सुटी नाणी मोजून देण्याचे काम सोपवावे.

प्रतिसाद २ :
दोघांना एकत्र बसवायचे असेल तर ठिपक्यांची रांगोळी काढावी. '५ ते १' म्हणजे मधल्या ओळीत पाच ठिपके, आणि वर व खाली चार, तीन, दोन, एक. धाकट्याने ठिपके मोजावेत. ते २५ भरतील. मग मुलीला '४ ते १' आणि '६ ते १' काढायला सांगावे. १६, २५, ३६ हे आकडे ओळीने लिहिल्यावर त्यांतील संबंध तिला स्वतःला सापडू द्यावा, आपण सांगू नये.

प्रतिसाद ३ :
वजाबाकीसाठी देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी शोधलेली ६१७४ ही संख्या वापरून पाहावी. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी, आणि येणाऱ्या उत्तरावर पुन्हा तेच करावे. शून्य आले तर तेही अंक म्हणून धरावे. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतेच. २०१७ हे साल घेतले, तर ७२१० − ०१२७ = ७०८३, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, आणि शेवटी ८५३२ − २३५८ = ६१७४. मध्ये कुठे हातचा चुकला तर अंक वेगळ्या वाटेने जातात, त्यामुळे प्रत्येक पायरी मोठ्यांपैकी कोणीतरी तपासावी.

धागाकर्ती :
सर्वांचे आभार. सागरगोटे आणि पट घरात आहेतच, त्यांतही हिशेब आणावा का?

प्रतिसाद १ :
पटावर फाशांचे दान मोजणे आपोआप होते, तेवढे पुरे. सागरगोटे खेळताना मध्येच प्रश्न विचारू नयेत. मुले डाव अर्धा टाकून उठतात.