वॉर्डातला जलतरण तलाव बंद करू नका

काठावरची:
आमच्या वॉर्डातला पालिकेचा तलाव बंद करायचं चाललंय. अंदाजपत्रकात कपात झाली, म्हणून पुढच्या महिन्यापासून नवे पास मिळणार नाहीत, असं खिडकीवर सांगतात. साधा २५ मीटरचा टँक आहे. माझी मुलगी तिथंच शिकली. मीही तिथंच शिकले, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, बायकांच्या बॅचमध्ये. माहेरी भाऊ विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकले. आम्हा मुलींना काठावर त्यांचे कपडे सांभाळायला बसवत.

शहरातल्या विहिरी आता बुजल्या. उरल्या दगडाच्या खाणी, कालवा आणि धरणाचं पाणी. परीक्षा संपल्या की पोरं तिकडेच जातात आणि दर उन्हाळ्यात तीच बातमी येते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांप्रमाणे देशात वर्षाला ३० हजारांहून जास्त माणसं बुडून मरतात. पोहणं ही चैन नाही. तलाव चालू राहिला पाहिजे.

हिशोबनीस:
ताई, भावना कळते. पण महापालिका अधिनियमात पाणीपुरवठा, सांडपाणी, कचरा, प्राथमिक शिक्षण ही बंधनकारक कामं आहेत. जलतरण तलाव ऐच्छिक कामांत येतो. पैसा कमी पडला की ऐच्छिक कामाला आधी कात्री लागणार. पंपाचं वीजबिल, जीवरक्षकांचे पगार, क्लोरीन हे सगळं रोजचं, आणि पास काढणारे मोजके. गटार तुंबलेल्या गल्लीतल्या माणसाने तुमच्या पोहण्याचे पैसे का भरावेत? ठेकेदाराला चालवायला द्या, प्रश्न मिटेल.

लातूरकर:
मी पैशाचं बोलतच नाही. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून आमच्याकडे पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला १० वाघिणी, मिळून ५ लाख लिटरच्या आसपास पाणी. तुमचा २५ मीटरचा तलाव भरायला जवळपास तेवढंच लागतं. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाने आयपीएलचे ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला लावले होते. टँकरमागे कळशी घेऊन धावलेल्या माणसाला तो निळा तलाव बघवत नाही. राग मानू नका, पण मला तो बंदच बरा वाटतो.

निवृत्त जीवरक्षक:
लातूरकर, तुमचं दुःख खरं आहे. पण तलावातलं पाणी रोज बदलत नाहीत. तेच पाणी वाळूच्या फिल्टरमधून फिरवतात, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतात, पुन्हा वापरतात. भर उन्हाळ्यात दिवसाला साधारण ६ मिलिमीटर पाणी उडतं असं धरा. २५ बाय साडेबाराच्या तलावाला ते दोन हजार लिटरच्या आत बसतं, म्हणजे मोठ्या टँकरचा पाचवा हिस्सा. फिल्टर उलटा धुताना जातं ते वेगळं, ते बागेला घालता येतं. खरं पाणी खाते ती गळती. जुन्या टँकांत पाइप आणि सांधे गेलेले असतात आणि तिकडे कोणी बघत नाही.

हिशोबनीससाहेबांसाठी एक गोष्ट. पंप थांबला की उन्हाळ्यात आठवड्याभरात पाणी हिरवं होतं, डासांच्या अळ्या होतात. म्हणून टँक रिकामा करावा, तर पावसाळ्यात जमिनीतलं पाणी खालून दाबतं आणि तळ उचलला जाऊ शकतो. बंद ठेवणंही फुकट नसतं. टंचाई जाहीर झाली तर दोन महिने नवं पाणी घेऊ नये, हे मात्र मला मान्य आहे.

काठावरची:
ठेकेदाराबद्दल: शेजारच्या भागातला तलाव ठेक्याने दिला. फी तिप्पट झाली आणि सर्वांत आधी बंद पडली ती बायकांची बॅच, कारण त्या वेळेत गर्दी कमी. परवडणाऱ्यांची फी वाढवा, मी आनंदाने जास्त भरेन. पण ज्यांची पोरं खाणीवर जातात, त्यांना तिप्पट फी कुठून झेपणार?

लीड्सहून:
इथे इंग्लंडात, लीड्सच्या ब्रॅम्ली भागात १९०४ सालचं सार्वजनिक स्नानगृह आणि तलाव आहे. २०११मध्ये कौन्सिलने पैसे नाहीत म्हणून वेळ कमी केली. रहिवाशांनी संस्था उभी केली आणि जानेवारी २०१३पासून तेच चालवतात. इथे प्राथमिक शाळा सोडेपर्यंत मुलाला २५ मीटर पोहता आलं पाहिजे, असं अभ्यासक्रमातच आहे. त्यामुळे शाळांची मुलं शिकायला तलावांवर येतात. तुमचा तलाव दुपारी काय करतो?

काठावरची:
अकरा ते चार कुलूप. आणि पालिकेची शाळा चालत दहा मिनिटांवर आहे.

हिशोबनीस:
हा मुद्दा वेगळा आहे. शाळेची मुलं दुपारी तिथे शिकणार असतील, तर काही खर्च शिक्षणाच्या शीर्षकाखाली मागता येईल, आणि ते काम ऐच्छिक नाही. तरी शंका आहेतच. एका कोचमागे किती मुलं? काही झालं तर जबाबदार कोण, मुख्याध्यापक की तलावाचा व्यवस्थापक? हे लेखी ठरल्याशिवाय एकही मुलगा पाण्यात उतरवू नये. पूर्ण वेळ, सगळ्या बॅचेस पालिकेच्या पैशाने, याला माझा विरोध कायम आहे.

लातूरकर:
शाळेचं पटलं. पाण्याचं नाही. ‘दोन हजार लिटर’ हा कागदावरचा हिशोब झाला. तुमच्या टँकची गळती किती, ते आधी सांगा.

निवृत्त जीवरक्षक:
मोजता येते. पायरीवर बादली ठेवा, तलावाइतक्याच पातळीपर्यंत भरा, आत-बाहेर दोन्हीकडे खूण करा. पंप बंद, पोहणं बंद, नवं पाणी बंद. चोवीस तासांनी बघा. बादलीत उतरलं ते उन्हाने. तलावात त्याहून जास्त उतरलं तर ती गळती.

काठावरची:
सोमवारी सुट्टी असते. वॉचमनकाकांशी बोलले, रविवारी संध्याकाळी शेवटची बॅच सुटली की बादली ठेवते.

लातूरकर:
ठेवा. आकडा इथेच टाका, मग बोलू.