आरओई २० टक्क्यांच्या वर, पण कशामुळे?

"कंपनीचा आरओई २० टक्क्यांच्या वर असेल तर तिचा शेअर डोळे झाकून घ्या" या तुमच्या सल्ल्यातलं "डोळे झाकून" तेवढं मला पटलं नाही.

आरओई (रिटर्न ऑन इक्विटी) म्हणजे निव्वळ नफा भागिले भागधारकांचं भांडवल, आणि या भांडवलात साठलेली गंगाजळीही आली. गोम अशी की भागाकार मोठा करायला नफा वाढवावाच लागतो असं नाही, छेद लहान केला तरी चालतं.

समजा दोन कारखाने आहेत, दोघांची मालमत्ता १०० कोटी आणि व्याजाआधीचा नफा १२ कोटी. पहिल्याचे सगळे पैसे स्वतःचे, म्हणून आरओई १२ टक्के. दुसऱ्याचे ४० कोटी स्वतःचे, ६० कोटी ९ टक्क्यांनी कर्जाऊ. व्याजाचे ५.४ कोटी वजा जाता ६.६ उरतात, आरओई १६.५ टक्के (कर तूर्त सोडून देऊ). धंदा तोच, यंत्रं तीच! आता मंदी येऊन व्याजाआधीचा नफा ६ कोटींवर आला की पहिला ६ टक्क्यांवर, दुसरा थेट दीड टक्क्यावर.

म्हणून मी ड्युपाँट पद्धतीने आरओईचे तीन तुकडे करतो, ज्यांचा गुणाकार म्हणजे आरओई: विक्रीवरचा नफा, मालमत्तेची उलाढाल (मालमत्तेच्या किती पट विक्री) आणि उसनवारी (स्वतःच्या भांडवलाच्या किती पट मालमत्ता). बँकांचा तर धंदाच ठेवीदारांच्या पैशावर, तिथे मालमत्तेवरचा परतावा आधी बघावा.

आणि मॅकडोनाल्ड्स? नफा घसघशीत, पण कर्ज काढून स्वतःचेच शेअर इतके परत विकत घेतले की २०१६ पासून वर्षानुवर्षं ताळेबंदात भांडवल उणे, म्हणजे आरओईचा छेदच उणे. तिथे तुमची चाळणी काय करणार?