सलामांका येथील सत्रअखेर: जानेवारीतील परीक्षा, परतीचे तिकीट आणि गुणांविषयी मार्गदर्शन हवे

तोर्मेसकाठ:
सर्वांना नमस्कार. मी पुण्याच्या एका महाविद्यालयातून एका सत्रासाठी स्पेनमधील सलामांका विद्यापीठात आले असून सध्या माझे सत्र शेवटच्या टप्प्यात आहे. येथे नाताळच्या आधी तासिका संपतात, मग सुट्टी लागते आणि परीक्षा मात्र सुट्टीनंतर, जानेवारीत होते. डिसेंबरमध्ये प्लासा मायोर या चौकात विद्यार्थ्यांचे आगाऊ नववर्ष साजरे झाले, स्पेनच्या रीतीप्रमाणे बाराच्या ठोक्यांबरोबर खायच्या द्राक्षांऐवजी गोड गोळ्या खाल्ल्या गेल्या, आणि त्यानंतर घरातील तिन्ही मैत्रिणी आपापल्या गावी गेल्या. आता घरात मी एकटीच आहे.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली, शेवटचा पेपर झाल्यावर लगेचचे मुंबईचे तिकीट आज स्वस्त मिळत आहे. ते घ्यावे का? दुसरी, सुट्टीच्या या दिवसांत अभ्यासाची घडी कशी बसवावी? तिसरी, येथील दहापैकी गुण आमचे महाविद्यालय कसे धरेल? माझा व्हिसा १८० दिवसांचा आहे आणि त्याची मुदत फेब्रुवारीअखेर संपते.

ग्रानादाकर:
तिकीट आज घेऊ नका, निदान तारीख बदलता येणार नसेल तर मुळीच घेऊ नका. स्पेनमध्ये प्रत्येक विषयाला नियमित परीक्षेनंतर दुसरी संधी असते; तिला कोन्वोकातोरिया एक्स्त्राओर्दिनारिया म्हणतात. ती काही विद्यापीठांत थोड्याच दिवसांनी होते, तर काही ठिकाणी थेट जून-जुलैमध्ये. एका सत्रासाठी आलेल्या विद्यार्थ्याला जूनमधील संधीचा उपयोग जवळपास नसतोच. म्हणून आपल्या विद्याशाखेचे परीक्षा-वेळापत्रक आजच उघडून दुसऱ्या संधीची तारीख पाहावी आणि ती व्हिसाच्या मुदतीत बसत असेल तर त्यानंतरचेच तिकीट काढावे. चार पैसे जास्त जातील, परंतु एका विषयाची श्रेयांके गमावण्यापेक्षा ते परवडते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक विषयाची गिया दोसेन्ते, म्हणजे अभ्यासक्रम आणि मूल्यमापनाची माहितीपुस्तिका, पुन्हा नीट वाचा. सत्रभरातील निबंध, सादरीकरणे आणि अंतिम परीक्षा यांचे प्रमाण त्यात दिलेले असते, पण खरी अट बहुधा खाली एका ओळीत असते: अंतिम परीक्षेत दहापैकी किमान चार किंवा पाच गुण मिळाल्याशिवाय बाकीचे गुण त्यात जोडलेच जात नाहीत. सत्रभर उत्तम काम केलेले विद्यार्थी या एका ओळीमुळे अडकलेले मी पाहिले आहेत. पेपर बहुपर्यायी असेल तर चुकीच्या उत्तराला गुण कापतात का, हेही पाहा. चार पर्याय असतील तर अनेक ठिकाणी प्रत्येक चुकीमागे एक तृतीयांश गुण वजा होतो, आणि अशा वेळी अंदाजाने ठोकण्यापेक्षा प्रश्न सोडणे शहाणपणाचे असते.

जुनी_सलामांकावासी:
सुट्टीबद्दल लिहिते, कारण त्या रिकाम्या आठवड्यांतील एकटेपणा मला चांगला ठाऊक आहे. कासा दे लास कोंचास, म्हणजे भिंतीवर दगडी शिंपले असलेल्या जुन्या वाड्यातील सार्वजनिक ग्रंथालय, सणाचे दिवस वगळता सुट्टीतही उपयोगी पडते. वेळ मात्र दारावरची सूचना वाचून ठरवा. २५ डिसेंबर, १ जानेवारी आणि ६ जानेवारी या तीन दिवशी दुकानेही बंद असतात, तेव्हा किराणा आदल्या दिवशी भरून ठेवा. एखाद्या मैत्रिणीच्या घरून ६ तारखेला रोस्कोन, म्हणजे त्या दिवशीच्या तीन राजांच्या सणाचा कड्याच्या आकाराचा गोड पाव, खायला बोलावणे आले तर अभ्यासाचे कारण सांगून नाकारू नका. आपल्याकडे दिवाळीत परगावच्या मुलाला जेवायला बोलावतात तितक्याच आपुलकीने ते बोलावतात, आणि तोंडी परीक्षा असेल तर तेथील गप्पांचा फायदाच होतो.

या गावात परीक्षेची धास्ती काही नवीन नाही. विद्यापीठाची स्थापना १२१८ मधील. पूर्वी पदवीचा उमेदवार परीक्षेची आदली रात्र जुन्या कॅथेड्रलमधील सांता बार्बारा या छोट्या प्रार्थनागृहात एकट्याने जागून काढीत असे. ते दालन अजून पाहता येते, आणि अभ्यासातून तासभर उठायचे असेल तर विद्यापीठाच्या दर्शनी भिंतीवरील कवटीवर बसलेला बेडूक शोधण्यापेक्षा तेथे जावे, असे माझे मत आहे. बेडूक सापडला की परीक्षेत यश मिळते, अशी समजूत असल्याने त्याच्यापुढे गर्दी फार असते.

श्रेयांक_समन्वयक:
मी महाराष्ट्रातील एका महाविद्यालयात परदेशी सत्रांची श्रेयांके नोंदवण्याचे काम पाहते, म्हणून तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देते. स्पेनच्या २००३ च्या नियमानुसार ५ ते ६.९ म्हणजे उत्तीर्ण, ७ ते ८.९ म्हणजे नोताब्ले (चांगला) आणि ९ च्या पुढे सोब्रेसालिएन्ते (उत्कृष्ट); सर्वोच्च मानाची मात्रीकुला दे ओनोर ही श्रेणी वर्गातील जास्तीत जास्त पाच टक्के विद्यार्थ्यांनाच देता येते. आपल्याकडेही दहापैकी श्रेणीगुण असल्यामुळे कार्यालयात ७.२ हा आकडा जसाच्या तसा उतरवला जातो, आणि तेथे चांगला मानला जाणारा निकाल येथे सामान्य ठरतो. हा विद्यार्थ्यावर अन्याय आहे, असे मी प्रत्येक बैठकीत सांगत आले आहे. म्हणून निघण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय कार्यालयाकडून गुणपत्रकाबरोबर श्रेणीपद्धतीचे स्पष्टीकरण आणि उपलब्ध असल्यास त्या विषयातील श्रेणींच्या विभागणीचा तक्ता अवश्य मागून घ्या.

दुसरे, तात्पुरते गुण जाहीर होताना रेविसियोनची, म्हणजे उत्तरपत्रिका पाहण्याची, तारीखही दिलेली असते. त्या दिवशी प्राध्यापकांसमोर बसून आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहणे हा तुमचा हक्क आहे. आपल्याकडे पुनर्मूल्यांकनासाठी अर्ज आणि शुल्क भरावे लागते, त्यामुळे आपली मुले तेथेही संकोचतात आणि जातच नाहीत. तक्रार नसली तरी जा, शांतपणे विचारा. एकदा अंतिम गुणतक्ता बंद झाला की दुरुस्ती फार अवघड होते. महाविद्यालयाला अपॉस्टिल, म्हणजे कागदपत्र परदेशात ग्राह्य ठरवणारा अधिकृत शिक्का, हवे असेल तर तेही आताच विचारा, कारण त्याआधी स्पेनच्या विद्यापीठविषयक मंत्रालयाकडून सह्यांची पडताळणी करून घ्यावी लागते आणि भारतात परतल्यावर हे काम लांबते.

तोर्मेसकाठ:
सर्वांचे मनापासून आभार. दोन विषयांत किमान चार गुणांची अट आहे, आणि दुसरी संधी व्हिसाच्या मुदतीत बसते, त्यामुळे त्यानंतरचे तिकीट पाहत आहे. खोलीचा करार मात्र जानेवारीअखेर संपतो.

ग्रानादाकर:
घरमालकांना आजच लेखी विचारा. काही आठवडे वाढवून देण्यास बहुतेक जण तयार होतात. वाढीव दिवसांचे भाडे अनामत रकमेतून वळते करायचे ठरले तर तेही लेखीच घ्या, आणि स्पेनमधील बँक खाते अनामत परत येईपर्यंत बंद करू नका.