मदत हवी आहे: सिव्हीसीआरएममध्ये एकरकमी आलेले प्लेजचे हप्ते

नमस्कार मंडळी, आमची छोटी शैक्षणिक संस्था आहे, वर्डप्रेसवर सिव्हीसीआरएम (देणगीदार आणि देणग्यांच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर) वापरतो आणि देणगीदारांचे प्लेज, म्हणजे ठरावीक रक्कम देण्याचं वचन, त्यातच ठेवतो. एका ताईंनी ६०,००० चं प्लेज केलंय, दरमहा ५,००० असे १२ हप्ते. पहिले तीन राहिले म्हणून ते ओव्हरड्यू दिसायला लागले आणि आता त्यांनी १५,००० एकदम एनईएफटीने पाठवलेत.

साधी देणगी म्हणून नोंदवून पाहिली तर ती प्लेजला जोडलीच जात नाही, हप्ते तसेच थकीत राहतात. मग टेस्ट साइटवर प्लेजमधूनच पाच-पाच हजारांच्या तीन नोंदी केल्या, हप्ते बरोबर पूर्ण झाले पण पावत्या तीन निघाल्या आणि बँक स्टेटमेंटला एकच रक्कम, त्यामुळे टॅलीत जुळवताना घोळ. ८०जी च्या करसवलतीसाठी ताईंना १५,००० ची एकच पावती हवीय आणि ते रास्तच आहे.

प्लेजमधून नोंद करताना हप्त्याची रक्कम बदलली की सिव्हीसीआरएम शेड्यूल (हप्त्यांचं वेळापत्रक) अ‍ॅडजस्ट करायचं की एकूण प्लेज, असं विचारतं. एकूण ६०,००० च राहायला हवेत. डेव्हलपर नाहीये, त्यामुळे कोड लिहिणं जमणार नाही, तयार एक्स्टेन्शन चालेल. प्लेज रद्द करून नवीन करा असं कृपया सुचवू नका, जुना हिशोब तसाच दिसायला हवा.

पहिल्या हप्त्यावरच १५,००० टाकून शेड्यूल अ‍ॅडजस्ट निवडलं तर पुढचे दोन थकीत हप्ते पूर्ण होतात, की ती रक्कम शेवटच्या हप्त्यांतून वजा होते? कोणी प्रत्यक्ष केलंय का असं?