स्टेन न करता टिश्यूमधलं कोलॅजन आणि लिपिड बघायचंय, रामन की एसएचजी?

धांदरट_एमएस्सी: नमस्कार मंडळी, ब्रेस्ट कॅन्सरचे जुने पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेले टिश्यूचे तुकडे) मिळतायत. गाईड म्हणतात स्टेन न करता (रंग न देता) ट्यूमरच्या कडेचं कोलॅजन आणि लिपिड दोन्ही दाखव, जमलं तर हर-टू (काही ब्रेस्ट कॅन्सरमध्ये वाढणारं रिसेप्टर प्रोटीन) पण. रामन (लेझरचा प्रकाश विखुरतो त्यावरून रेणू ओळखणारं मशीन) डिपार्टमेंटलाच आहे, एसएचजी करायला लागणाऱ्या मल्टीफोटॉन मायक्रोस्कोपसाठी शेजारच्या इन्स्टिट्यूटमध्ये स्लॉट मागावा लागतो. सुरुवात कुठून करू?

लेझरबुवा: लिपिड विसरा आधी. ब्लॉक बनवताना टिश्यू अल्कोहोल आणि झायलीनमधून जातो, बरंचसं लिपिड तिथेच धुऊन निघतं आणि वर मेण भरतात, त्यामुळे रामनमध्ये 1440 सेंमी⁻¹ च्या आसपास उंच पीक दिसलं की खूश होऊ नका, ते मेणाचं असणार. लिपिडसाठी फ्रोझन सेक्शनच (मेणाऐवजी गोठवून कापलेला टिश्यूचा पातळ काप) घ्या. कोलॅजनला मात्र हे ब्लॉक चालतील, एसएचजी करा (सेकंड हार्मोनिक जनरेशन, यात कोलॅजनचे तंतू लेझरच्या निम्म्या वेव्हलेंग्थचा प्रकाश देतात). 800 नॅनोमीटरचा लेझर टाकला की सिग्नल बरोब्बर 400 ला येतो, म्हणून तिथे अरुंद फिल्टर लावला की फॉर्मॅलिनने वाढवलेला ऑटोफ्लुओरेसन्स (टिश्यूची स्वतःची चमक) बराचसा बाहेर राहतो. टाइप 1 कोलॅजनचे तंतू मस्त दिसतात, बेसमेंट मेम्ब्रेनमधलं (पेशींच्या थराखालच्या पातळ पडद्यातलं) टाइप 4 दिसत नाही, उगाच मशीनला शिव्या घालू नका :)

काचेचाशत्रू: +१. आणि रामन करणारच असाल तर साध्या काचेवर सेक्शन नको, 785 नॅनोमीटरच्या लेझरला काचच चमकते. कॅल्शियम फ्लोराइडच्या स्लाइड घ्या, महाग असतात, आम्ही धुऊन परत वापरतो. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये (टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र) तोंडाच्या कॅन्सरवर रामनचं बरंच काम झालंय, ते पेपर वाचाच.

पॅथवाली_ताई: हर-टूचं गाईडना स्पष्ट सांग बाबा, नाही जमणार. रामनमध्ये सगळ्या प्रोटीन्सचा एकत्र अमाइडचा (प्रोटीनमधल्या सामाईक बंधाचा) उंचवटा दिसतो, त्यातून एक रिसेप्टर कसा वेगळा काढशील? त्याला आयएचसी (अँटिबॉडीने त्या प्रोटीनला रंग देणं), आणि त्यात 2+ म्हणजे अधलामधला स्कोअर आलं की फिशसारखी जीनची टेस्ट, स्टेन न करता रस्ता नाही. स्टेन नाही म्हणजे टिश्यूचं स्वतःचं जे दिसतं तेवढंच मिळणार. त्यापेक्षा एक कर, एसएचजी झाल्यावर तोच सेक्शन एच अँड ई (पॅथॉलॉजीतलं नेहमीचं गुलाबी-जांभळं स्टेन) कर आणि दोन्ही फोटो जुळव. ट्यूमरची कड पॅथॉलॉजिस्टकडून एच अँड ईवरच आखून घे, एसएचजी न दाखवता, नाहीतर तंतू बघून कड ठरवली जाते. तंतू कडेला काटकोनात गेलेत की समांतर ते मोज, काटकोनातले वाईट समजतात, प्रोजेक्टला तेवढं पुष्कळ.

धांदरट_एमएस्सी: थँक्यू ताई, बुवा! फ्रोझनसाठी एथिक्सची परवानगी परत लागेल का?

पॅथवाली_ताई: नवीन सॅम्पल आहे ना, मग लागणारच. अर्ज आजच टाक, कमिटीची मीटिंग रोज नसते.