सहकाऱ्याला साथ द्यायची म्हणजे नेमकं काय करायचं?

ऑफिसात ज्यांचं म्हणणं मागे पडतं, त्यांच्यासाठी काय केल्याने फरक पडला आणि कुठे बिनसतं, ते तपशिलाने लिहा. सदिच्छा गृहीत आहेतच.

टीम लीड
मुद्दा एकीने मांडला, पाच मिनिटांनी दुसऱ्याने तोच मांडला आणि वाहवा त्याची झाली. अशा वेळी तिथल्या तिथे तिचं नाव घ्या आणि बोलणं तिच्याकडे सोपवा: ‘हा मघाचा तुझा मुद्दा, तो पूर्ण कर.’ तिच्या वतीने तुम्हीच समजावत बसलात तर ती पुन्हा गप्पच राहते. इतिवृत्तात मुद्द्यापुढे मांडणाऱ्याचं नाव हवंच, अप्रेझलला तोच पुरावा. आणि इतिवृत्त लिहायची पाळी फिरती ठेवा.

स्क्रीन रीडर वापरणारी टेस्टर
स्लाइड आदल्या दिवशी मेल करा. मीटिंगमध्ये शेअर केलेली स्क्रीन आमच्यासाठी नुसतं चित्र असते, एनव्हीडीए (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर) त्यातलं आपोआप काही वाचत नाही. स्कॅन केलेल्या पीडीएफचं तेच, ओसीआर करून, म्हणजे चित्रातली अक्षरं मजकुरात बदलून, पाठवा. वर्डमध्ये शीर्षक फक्त ठळक करून भागत नाही, हेडिंग स्टाइल लावा. मग ‘एच’ दाबत एका शीर्षकावरून पुढच्यावर जाता येतं. ठळक अक्षरं त्या उडीत सापडतच नाहीत, आणि चाळीस पानं ओळीने ऐकावी लागतात. आलेखाच्या वर्णनात ‘विक्रीचा आलेख’ एवढंच नको, विक्री कधी आणि किती घसरली ते लिहा. कमी दिसणाऱ्यांसाठी फिकट राखाडी अक्षरं टाळा: डब्ल्यूसीएजी या वेब सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या एए पातळीनुसार साध्या मजकुराला अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट लागतो.

सांकेतिक भाषेची दुभाषी
लांब बैठकीला दोघं बोलवा. साधारण २० मिनिटांनी आम्ही पाळी बदलतो, कारण थकव्याने अचूकपणा घसरतो. प्रश्न कर्णबधिर सहकाऱ्याकडे बघून विचारा, माझ्याकडे नाही. नवी स्लाइड लावली की ती वाचून होईपर्यंत थांबा. हात आणि पडदा एकाच वेळी बघता येत नाहीत. एका वेळी एकानेच बोलावं, हे तर सगळ्यात आधी.

एचआर
ट्रान्स सहकाऱ्याचं नाव बदलताना कोणाला, कधी आणि कोणी सांगायचं हे आधी त्यांनाच विचारा. तोंडून जुनं नाव गेलं तर लगेच सुधारून पुढे बोला. लांबलचक माफी मागितली की त्यांनाच तुमची समजूत काढावी लागते. मेल, चॅट, ओळखपत्र आणि हजेरी एकाच दिवशी बदला. हमखास राहून जातं ते लॉगिन आयडी, कॅलेंडरची जुनी आमंत्रणं आणि रिसेप्शनवरची छापील यादी.