नानांच्या वॉकचं पत्रक

बी-४०२: रविवारच्या अवयवदान वॉकचं पत्रक कोणी फायनल केलं? "नानांनी ८ जणांना जीवनदान दिलं" असं छापायला चाललंय. हे खरं नाही. आजच्या आज बदला.

सेक्रेटरी: साहेब, पत्रक कधीपासून ग्रुपवर आहे. तेव्हा सगळ्यांनी अंगठे दिले, तुम्हीसुद्धा.

सी-१०३: रविवारच्या टी-शर्टचे साईज कळवा. एक्सएल संपत आलेत.

बी-४०२: अंगठा मी फोटोला दिला होता. मजकूर तेव्हा नव्हताच. नानांच्या दोन्ही किडन्या, लिव्हर आणि डोळे दान झाले. हृदय घेता आलं नाही. ८ कुठून आणले?

ए-६०१: काका, पत्रक मी केलंय. एक दाता ८ जणांना वाचवू शकतो असं सगळीकडे असतं, तेच घेतलं.

बी-४०२: "शकतो" बाळा. हृदय, दोन फुप्फुसं, दोन किडन्या, लिव्हर, स्वादुपिंड, आतडं हे सगळं धड असलं तर. नानांची अँजिओप्लास्टी झालेली अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक आहे.

डी-२०२: आकड्याचं काय एवढं घेऊन बसलात? भावना बघा ना.

बी-४०२: हे पत्रक वहिनींच्या हातात पडणार आहे. त्यांना खरा आकडा माहीत आहे.

ए-३०४: भावनांचा विषय निघालाच आहे तर बंद लिफ्टबद्दल माझ्याही भावना आहेत 😄

सेक्रेटरी: लिफ्ट एजीएममध्ये.

ए-३०४: यंदा येणार का एजीएमला?

सी-१०३: साईज प्लीज. परत परत विचारायला लावू नका.

डी-२०२: मला वाटतं ज्यांना नानांची किडनी मिळाली त्यांना शोधून काढू, वॉकला बोलावू, छान सत्कार करू. लोकांना पटेल तरी.

ए-५०३ डॉक्टरताई: तसं करता येत नाही हो. कोणाचा अवयव कोणाला गेला हे दोन्ही घरांपासून गुप्त ठेवायचं असतं. शोधायलाही जाऊ नका, प्लीज.

डी-२०२: बरं. या ग्रुपवर काही सुचवायची सोयच नाही.

बी-२०१: एक शंका, रागावू नका. अवयवदानाचं कार्ड भरलेलं असलं की डॉक्टर प्रयत्न सोडून देतात असं आमचे मेहुणे म्हणतात.

डॉक्टरताई: काका, उपचार करणारे वेगळे आणि प्रत्यारोपण करणारे वेगळे. मेंदू मृत झाल्याचं ४ डॉक्टर ठरवतात, त्यात प्रत्यारोपणाच्या टीमचं कोणीही नसतं. आणि कमीत कमी ६ तासांनी सगळ्या तपासण्या पुन्हा करतात. १९९४ पासून कायदा आहे यासाठी.

बी-४०२: मी होतो तिथे. दोन तपासण्यांच्या मधला तो वेळ काढणं महाकठीण. मशीनवर छाती वरखाली होत होती, हात गरम लागत होता. वहिनी त्यांची चादर सारखी करत होत्या. आणि कार्ड पाकिटात असूनही सही वहिनींचीच लागली. नानांच्या थोरल्या भावाने तर शेवटपर्यंत विरोध

ए-३०४: काका, घरातल्या गोष्टी इथे नको.

बी-२०१: म्हणजे कार्ड भरून उपयोग नाही?

डॉक्टरताई: आहे, पण घरच्यांना ठाऊक असेल तर. ऐन वेळी त्यांनाच विचारतात. रविवारी फॉर्म भरायला काकूंनाही घेऊन या.

बी-२०१: तिच्यासमोर मरणाचं नाव काढलं तर मला चालायलाच सोडणार नाही 😀 आणि शुगर आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. माझं कोण काय घेणार?

डॉक्टरताई: डोळे चालतात, शुगर आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन असूनही. त्याला ब्रेन डेड असायचीही गरज नाही, मृत्यू घरी झाला तरी ६ तासांच्या आत घेतात. घरच्यांनी पापण्या मिटायच्या, वर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची, पंखा बंद करायचा आणि लगेच आय बँकेला फोन. पंख्याचं सगळे विसरतात, बुबुळं सुकतात.

सी-१०३: हे उपयोगी आहे. साईज पण कळवा.

बी-४०१ वहिनी: सगळं वाचलं. ८ काढा. लिहायचंच असेल तर किडन्या, लिव्हर आणि डोळे दिले एवढं लिहा. यांना वाढवून सांगितलेलं खपायचं नाही, तुम्हाला माहीतच आहे. आणि भाऊजी, थोरल्या दिरांबद्दल ग्रुपवर लिहू नका. सख्ख्या भावाचा हात गरम लागत असताना हो म्हणावं लागणार होतं त्यांना. रविवारी तेही येणार आहेत चालायला.

बी-४०२: चुकलं वहिनी. डिलीट करतो.

डी-२०२: 🙏🙏 मी पण तेच म्हणत होते, भावना बघा.

ए-६०१: काकू, वाक्य बदललं. फोटो तोच ठेवू का?

बी-४०१ वहिनी: तोच ठेव. पण खाली कमिटीची नावं यांच्या नावापेक्षा मोठी आहेत, तेवढं बघ.

सेक्रेटरी: ते डिझाईनमध्ये झालं असेल. नवीन पत्रक रात्री टाकतो. कोणाला आणखी काही सुचवायचं असेल तर मला पर्सनलवर कळवा, इथे चर्चा नको.

ए-३०४: लिफ्टचंही पर्सनलवरच का?